पैसे पोचले, आडनावही पोचलं

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी पुण्यात खोली शोधत होते. एका घरी मालकीणबाई फार चांगलं बोलल्या. पाणी किती वाजता येतं, सिलिंडर कुठून मागवायचा, रात्री गेट कधी बंद होतं, सगळं सांगून झालं. चहाही झाला. तोवर त्यांना माझं फक्त पहिलं नाव माहीत होतं. टोकन म्हणून ५०० रुपये पाठवा म्हणाल्या, मी तिथंच कोड स्कॅन करून पाठवले. त्यांचा फोन वाजला. चष्मा लावून त्यांनी स्क्रीन पाहिली आणि विचारलं, "तुम्ही कुठल्या?" मी गाव सांगितलं. "तसं नाही हो, मराठा का?" माझं आडनाव मराठ्यांतही आहे आणि आपल्यातही. बौद्ध आहे म्हणून सांगितलं. संध्याकाळी फोन आला, मिस्टरांनी आधीच एका नातेवाइकाला शब्द दिलाय. ५०० रुपये दोन मिनिटांत परत आले, एक पैसा कमी नाही.

हा प्रसंग सांगितला की मित्रमंडळी म्हणतात, आज ना उद्या भाडेकराराच्या वेळी नाव कळलंच असतं. खरं आहे. बाईंची जात काही फोनने घडवली नाही. पण पूर्वी आडनाव विचारावं लागायचं. विचारणाऱ्याला थोडा तरी संकोच व्हायचा आणि सांगणाऱ्याला क्षणभर ठरवता यायचं, आता सांगू की आधी ओळख होऊ दे. फोनने तो क्षण काढून घेतला. यूपीआय २०१६मध्ये सुरू झालं तेव्हा त्याकडे पैशांची सोय म्हणूनच पाहिलं गेलं. आज ते देशातलं सगळ्यात जास्त वेळा आडनाव वाचून दाखवणारं यंत्र आहे. दहा रुपयांच्या चहालासुद्धा आपण पूर्ण नाव देऊन येतो.

काही वर्षांपूर्वीपर्यंत यात थोडी पळवाट होती. काही अ‍ॅपमध्ये आपलं नाव आपल्याला हवं तसं ठेवता यायचं, किंवा समोरच्याच्या फोनमध्ये ज्या नावाने नंबर सेव्ह असेल तेच दिसायचं. एप्रिल २०२५मध्ये एनपीसीआयने परिपत्रक काढलं आणि ३० जूनपर्यंत सगळ्या अ‍ॅपना सांगितलं की पैसे पाठवण्याआधी बँकेच्या नोंदीतलंच नाव दाखवा, टोपणनाव नको. कारण फसवणूक. हे कारण खोटं नाही आणि आपण ते उडवून लावू नये. स्कॉलरशिप जमा झाली म्हणून फोन करून ओटीपी काढून घेणारे आपल्याच आयांना गाठतात. माझ्या आईला एकदा असाच फोन आला होता. शेजारच्या पोराने हातातून मोबाइल ओढला म्हणून वाचली. चुकीच्या खात्यात पैसे जाऊ नयेत, हे आपल्यालाही हवंच आहे.

पण नावाची खात्री करणं वेगळं आणि नाव जाहीर करणं वेगळं. ब्रिटनमध्ये बँकेतून पैसे पाठवताना आपण समोरच्याचं नाव टाइप करतो आणि बँक सांगते, जुळतं की नाही. ज्याला नाव आधीच माहीत आहे त्याची खात्री होते. ज्याला माहीत नाही त्याला फुकटात पूर्ण नाव मिळत नाही. इतकं लांब जायचीही गरज नाही. आपल्याच आधार कार्डाची अशी प्रत मिळते जिच्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार तेवढे दिसतात. म्हणजे झाकायचं कसं हे या देशाला माहीत आहे. आकडा ही जपायची गोष्ट आहे हेही पटलेलं आहे. आडनाव ही जपायची गोष्ट असू शकते, हे मात्र या यंत्रणा आखणाऱ्यांना सुचत नाही, कारण ज्यांच्या आडनावाने दार उघडतं त्यांना ते झाकावंसं कधी वाटलेलंच नसतं.

आडनावाने काय होतं, याचा पुरावा आपल्या विषयात कधीचा पडलाय. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी वर्तमानपत्रातल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. २००७ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या टप्प्यावर बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. पुढे २०१५ साली थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या भाड्याच्या घरांवर अभ्यास केला. तिथेही दलित आणि मुस्लिम घर शोधणाऱ्यांना नकार आणि जाचक अटी. मी तो लेख खोलीच्या त्या प्रसंगानंतर वाचला. जरा उशीरच झाला.

घर आणि नोकरीवरच हे थांबत नाही. २०२४च्या कावड यात्रेच्या वेळी मुझफ्फरनगर पोलिसांनी वाटेवरच्या खाणावळींना मालकांची नावं लावायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला त्याला स्थगिती दिली. कोणतं अन्न मिळतं ते लिहा, नाव लिहायची सक्ती नको. पुढच्या वर्षी त्याच भागात एका ढाब्यावर पैसे घेण्याचा क्यूआर कोड स्कॅन करून नाव शोधल्याच्या बातम्या आल्या. पाटीवर स्थगिती आली होती, पण गल्ल्याजवळच्या त्या चौकोनाला कोण विचारतो? तिथे निशाण्यावर मुसलमान होते. पण कुणाच्या हातचं खायचं, हा प्रश्न या देशात कुणी शोधून काढला ते आपल्याला सांगायला नको.

माझा मावसभाऊ तालुक्याच्या गावी पोह्यांची गाडी लावतो. कोड त्याच्या बचत खात्याचा, म्हणून स्क्रीनवर त्याचं पूर्ण नाव. एका रोजच्या गिऱ्हाइकाने पहिल्यांदा सुट्टे नाहीत म्हणून स्कॅन केलं, नाव मोठ्याने वाचलं, "असं होय" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून समोरच्या गाडीवर उभा राहू लागला. भांडण नाही, शिवी नाही. ॲट्रॉसिटीच्या कुठल्या कलमात बसवणार हे? भाऊ आता आधी "सुट्टे आहेत का?" विचारतो आणि कोड पातेल्याच्या मागे ठेवतो.

आपल्यातले काहीजण यावर चिडतील. लपवायचं कशाला? स्टेटसला निळा झेंडा ठेवतो, फोन उचलल्यावर जय भीम म्हणतो, मग आडनावाची लाज कसली? मला हा राग समजतो, पण पटत नाही. जय भीम मी म्हणते तेव्हा ते माझं बोलणं असतं. आडनाव वाचून समोरचा जे काही बोलतो ते त्याचं असतं. आणि उघडपणे वावरण्याचीही किंमत असते. २०१५च्या मे महिन्यात शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. बाबासाहेबांवरच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून वाद झाला, असा आरोप होता. ती किंमत कधी मोजायची हे ज्याचं त्याने ठरवावं. शिवाय आडनाव गाळणं ही पळपुटेपणाची गोष्ट कधीच नव्हती. १९२९ साली चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेने जातिसूचक पदव्या टाकून द्यायचा ठराव केला. आज तमिळ मित्र वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतात, आणि फॉर्ममधली 'आडनाव' ही सक्तीची चौकट भरताना वैतागतात.

एक कबुलीही देते. भाजीवाल्याला पैसे देताना मीही आधी आडनाव वाचते. आपला निघाला तर बरं वाटतं, नाही निघाला तर मनात काहीतरी नोंद होतेच. दिल्लीत संशोधनासाठी आल्यावर काही महिने बरे गेले, इथे माझं मराठी आडनाव कुणाला वाचता येत नव्हतं. मग लक्षात आलं, मीच आता इथली आडनावं वाचायला शिकलेय.

आता फोन कॉलचीही पाळी आहे. सिम घेताना फॉर्मवर लिहिलेलं नाव समोरच्याच्या स्क्रीनवर दिसावं, अशी शिफारस ट्रायने फेब्रुवारी २०२४मध्ये केली. कारण पुन्हा फसवणूकच. थोरात-अटवेल यांना अर्जांवर नावं घालून पाठवावी लागली होती. यापुढे खोलीसाठी, नोकरीसाठी केलेला प्रत्येक फोन नाव लावूनच जाईल. म्हणून मागणी साधी आहे. पहिलं नाव पूर्ण, आडनावाचं एक अक्षर, बाकी झाकलेलं. पूर्ण नाव दाखवायचं की नाही हे खातेदाराच्या हातात. ट्राय आपल्या शिफारशींआधी लोकांकडून लेखी सूचना मागवते. तिथे दूरसंचार कंपन्या नेमाने लिहितात, आपल्या विद्यार्थी संघटनांनी लिहिल्याचं मी पाहिलेलं नाही. आपण समाजशास्त्रात पीएच.डी. करतो, कायदा शिकतो, काहीजण याच अ‍ॅपच्या कंपन्यांत कोड लिहितात. चार पानं इंग्रजीत लिहून पाठवणं आपल्याला जमण्यासारखं आहे.

मावसभावाला दुकानाच्या नावाने चालू खातं काढायचंय, म्हणजे स्क्रीनवर गाडीचं नाव येईल. त्यासाठी धंद्याच्या नोंदणीचा कागद लागतो. गेल्या रविवारी फोनवर आम्ही तो फॉर्म भरत होतो. गाडीचं नाव काय लिहू विचारलं तर म्हणाला, थांब, आईला विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.