फोटो घरी, पहारा गेटवर

१ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण बंद झाली आणि १५ जीबीनंतर पैसे मोजणे आले. घरातल्या जुन्या संगणकावर ‘इमिच’सारखे मोफत अ‍ॅप बसवले, तर आजीआजोबांचे फोटो आणि लग्नाचे अल्बम आपल्याकडेच राहतात. प्रश्न येतो तो पुण्याच्या मावशीला ते दाखवताना.

राउटरमधून इमिचचा २२८३ क्रमांकाचा पोर्ट थेट इंटरनेटला उघडणे सोपे वाटते, पण तसे करू नका. पासवर्ड आणि फोटो उघड्या पोस्टकार्डासारखे प्रवास करतात. शिवाय प्रत्येक नव्या अ‍ॅपसाठी नवे दार उघडावे लागते.

इथे रिव्हर्स प्रॉक्सी कामी येतो. डोकमर्डीतल्या एखाद्या सोसायटीचे गेट आठवा. वॉचमन विचारतो, ‘कोणाकडे जायचंय?’ आपला हा वॉचमन तर निरोप स्वतः आत नेतो आणि उत्तरही स्वतःच आणून देतो. पाहुणा गेटबाहेरच थांबतो. ‘फोटो’ नावाने विचारणा आली की इमिचकडे, ‘गाणी’ नावाने आली की दुसऱ्या अ‍ॅपकडे.

नवशिक्यांसाठी ‘कॅडी’ उत्तम. फाइलमध्ये आपले डोमेन आणि आतल्या अ‍ॅपचा पत्ता लिहिला की बास. लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्थेकडून सुरक्षेचे प्रमाणपत्र तो स्वतः मोफत मिळवतो आणि मुदतीआधी नवे करतो. इगोर सिसोएव्ह यांचा २००४ सालचा ‘एन्जिनएक्स’ही भक्कम आहे. मात्र त्यात अपलोडची मूळ मर्यादा १ एमबी असते. ती वाढवली नाही, तर हळदीचा व्हिडिओ ‘४१३’ दाखवून अडतो.

राउटरवर फक्त ८० आणि ४४३ हे पोर्ट प्रॉक्सीकडे वळवा. त्याआधी राउटरचा बाहेरचा आयपी पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल, तर कंपनीने एकच पत्ता अनेक घरांत वाटला आहे आणि पोर्ट वळवून उपयोग नाही. अशा वेळी टेलस्केलसारखा खासगी बोगदा वापरा.

वॉचमन आहे म्हणून कुणी घराला कुलूप लावायचे सोडत नाही. पासवर्ड मजबूत ठेवा, अ‍ॅप अद्ययावत ठेवा आणि फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवा. डिस्क बिघडली तर आजोबांचा तो एकुलता एक फोटो कुठलाही प्रॉक्सी परत आणून देणार नाही.