गाडी परकी, माणसं आपली

गेल्या महिन्यात पुतण्याचा दुबईहून फोन आला. नोकरी लागून सहा महिने झाले, बायको आणि दीड वर्षाची मुलगी नुकतीच तिकडे पोहोचली. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर त्याने खरा विषय काढला. "काका, तुम्ही इथे दहा वर्षं काढलीत. कुठली गाडी घेऊ ते सांगा." मग त्याने तीन-चार नावं घेतली. सगळ्या गाड्या भल्यामोठ्या, उंच, चकचकीत. मी म्हटलं, "दोन दिवस दे, विचार करून सांगतो." त्याला वाटलं असेल, काका किमती बघणार. मी मात्र २००८ सालातल्या एका संध्याकाळी जाऊन पोहोचलो होतो.

आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात माझ्या पिढीने गाडी पाहिली ती बजाजच्या स्कूटरच्या रूपात. पुढे मी उभा, मागे आईच्या मांडीवर धाकटी बहीण, हँडलला भाजीची पिशवी. चौघांचा संसार दोन चाकांवर बसत असे आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. चारचाकी म्हणजे डॉक्टरांची किंवा कारखान्याच्या चेअरमनची. त्यामुळे परदेशात गेल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत आपल्या माणसाला घेरते ती गाडीची भूक. तिच्यात प्रवासाची गरज थोडी असते आणि गावाकडे पाठवायच्या फोटोची बरीच.

मीही त्याला अपवाद नव्हतो. २००६ मध्ये दुबईला गेलो, दुसऱ्या वर्षी बायको आणि मुलगा आले. तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. भारतातला परवाना दाखवून तिथला परवाना मिळत नाही, परीक्षा द्यावी लागते. मी दोनदा नापास झालो, तिसऱ्यांदा पास झालो, आणि त्याच आठवड्यात एका शोरूममध्ये मोठ्या फोर व्हील ड्राइव्हच्या कर्जाचा अर्ज भरून आलो. त्या काळी बँका सढळ हाताने कर्ज देत. सुरुवातीला जवळजवळ काहीच भरायचं नव्हतं.

संध्याकाळी घरी येऊन मी मोठ्या उत्साहाने माहितीपत्रक टेबलावर ठेवलं. मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. तिला थोपटत बायकोने विचारलं, "अहो, दोन महिने पगार झाला नाही, तर हप्ता कोण भरणार?"

मी म्हटलं, "अगं, पगार का नाही होणार?"

"बरं, झाला. पण आपल्यातलं कोण कुठे बसणार? आणि परत जाताना ही गाडी घेणार कोण?"

त्या रात्री मला राग आला होता. आज वाटतं, परदेशात गाडी घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हेच तीन प्रश्न कागदावर लिहून भिंतीला लावावेत.

पहिला प्रश्न पगाराचा. आखातात नोकरी आणि व्हिसा यांची गाठ बांधलेली असते. त्या काळी नोकरी गेली की व्हिसा रद्द व्हायचा आणि देश सोडायला महिनाभराची मुदत मिळायची. शिवाय कर्जासाठी बँकेला सही करून दिलेला चेक वटला नाही, तर तो तिथे फौजदारी गुन्हा होता. हा कायदा सौम्य झाला तो २०२२ च्या जानेवारीत. म्हणजे आमच्या वेळी गाडीच्या हप्त्याची दुसरी बाजू थेट तुरुंगाची होती.

२००८ च्या अखेरीस जगभर मंदी आली आणि दुबईतली बांधकामं थांबू लागली. आमच्या मजल्यावर एक मराठी इंजिनिअर राहत. मी अर्ज केला होता तशीच गाडी त्यांनी घेतली होती. २००९ च्या फेब्रुवारीत त्यांची नोकरी गेली. गाडी विकायला काढली, पण त्या दिवसांत सगळेच विकायला उभे होते. गाडी निम्म्या किमतीला गेली आणि कर्ज मागे राहिलं. शाळेचं वर्ष अर्धवट टाकून बायको-मुलं गावी परतली. त्यांना कशीबशी दुसरी नोकरी मिळाली, आणि सहाजणांच्या खोलीत एका खाटेवर राहून त्यांनी वर्षभराहून अधिक काळ नसलेल्या गाडीचे हप्ते फेडले. विमानतळाच्या आवारात गाड्या सोडून लोक निघून गेल्याच्या बातम्या त्याच वर्षी जगभर छापून आल्या. त्या गाड्यांचा आकडा किती, यावर बराच वाद झाला. आमच्यासाठी ती बातमी आकड्याची नव्हती. ती शेजारच्या दाराची होती.

पुढे २०११ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने नियम केला की गाडीच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळेल आणि ते जास्तीत जास्त ६० महिन्यांत फेडावं लागेल. चांगला नियम आहे. पण नियम बँकेला वेसण घालतो, आपल्या हौसेला नाही. हातातल्या शिलकीतून सहा महिन्यांचे हप्ते बाजूला काढता येत नसतील, तर ती गाडी आपली नव्हे, असा हिशेब मी पुतण्याला सांगितला.

आम्ही शेवटी तीन वर्षं जुनी टोयोटा कोरोला घेतली. शारजातल्या अबू शगारा भागात त्या काळी जुन्या गाड्यांची शोरूम ओळीने होती. तिथे चार शुक्रवार हिंडलो. तेव्हा कळलं की एकाच नावाच्या गाड्या एकसारख्या नसतात. आखातासाठी बनवलेल्या गाडीचा एसी आणि इंजिन थंड ठेवण्याची व्यवस्था तिथल्या उन्हाच्या हिशेबाने अधिक दमदार असते. त्याच रांगेत अमेरिकेत अपघात झालेल्या, इकडे आणून रंगरंगोटी केलेल्या गाड्याही उभ्या असत. स्वस्त आणि देखण्या. ओळखीचा मेकॅनिक सोबत नेला म्हणून आम्ही वाचलो. त्यानेच टायर वाचायला शिकवलं. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कोरी दिसली तरी जुनं रबर पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ताशी १२० च्या वेगाने धावताना दगा देतं.

आता दुसरा प्रश्न, कोण कुठे बसणार. बायकोने गाडीच्या आधी मुलीसाठी खुर्ची घेतली होती, लहान मुलांना पट्ट्याने बांधून बसवायची. शोरूममध्ये ती खुर्ची मागच्या सीटवर बसवून, शेजारी मुलाला आणि त्याच्या बाजूला स्वतःला बसवून ती खात्री करून घेई. विक्रेते हसत. आम्हालाही संकोच वाटे, कारण तेव्हा आमच्या ओळखीत अशी खुर्ची वापरणारं घर नव्हतंच.

२०१० च्या जानेवारीत आई आली. एका शुक्रवारी सगळे अल ऐनला निघालो. आईला नात मांडीवर हवी होती. सून ऐकेना. "आमच्या मांडीवर तुम्ही सगळे वाढलात, कुणाला काही झालं का?" असं म्हणून आई रुसली. मी नेहमीप्रमाणे गप्प. शेवटी नात खुर्चीत, आजीला पट्टा, आणि आजीच्या मांडीवर लाडवांचा स्टीलचा डबा, अशी वरात निघाली.

परतताना पुढच्या ट्रकचा टायर फुटला आणि तो आडवा आला. मी जीव खाऊन ब्रेक दाबला. आम्ही ट्रकच्या अलीकडे थांबलो, कुणाला खरचटलंही नाही. पण आईच्या हातातला डबा दोन सीटच्या मधून सुटून पुढच्या काचेवर आदळला होता आणि काचेला तडा गेला होता. गाडीभर लाडू. मुलगी खुर्चीत बांधलेली, भेदरून रडत होती. आई कितीतरी वेळ त्या काचेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हातात घट्ट धरला होता गं मी डबा." पुन्हा तिने नात मांडीवर मागितली नाही.

गणित साधं आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकदम कशावर आदळली, तर आतल्या माणसाला बसणारा धक्का सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्याइतका असतो. तिसऱ्या मजल्यावरून पडताना मूल हातात धरून ठेवता येईल का? आम्ही परतल्यानंतर वर्षभरात, २०१७ मध्ये, संयुक्त अरब अमिरातीत चार वर्षांखालच्या मुलांना अशी खुर्ची आणि गाडीतल्या प्रत्येकाला पट्टा सक्तीचा झाला.

तिसरा प्रश्न परतीचा. डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली गाडी आपल्याकडे कायमची आणता येत नाही. म्हणजे ती गाडी मुळातच परकी, भाड्याच्या घरासारखी. राहायचं नीट, जीव लावायचा बेताने. २०१६ मध्ये आमची कोरोला जाहिरात दिल्यापासून चौथ्या दिवशी विकली गेली, कारण तिला घेणारे पुष्कळ होते. दुर्मीळ, दिमाखदार गाडीला गिऱ्हाईक शोधायला वेळ लागतो, आणि निघताना आपल्याकडे नेमका वेळच नसतो.

आणखी एक गोष्ट मी पुतण्याला सांगितली. सुनेलाही परवाना काढायला लाव, आणि तिला जी गाडी सहज वळवता येईल तीच घे. तिथल्या उन्हाळ्यात गाडी न चालवणारी बाई चार भिंतींत अडकते. माझ्या बायकोने परवाना काढला त्या दिवशी आमच्या घरात खऱ्या अर्थाने गाडी आली. आणि हेही बघ की गाडी हवीच आहे का? मेट्रो २००९ पासून धावते आहे. विमा, दर वर्षीची नोंदणी, पार्किंग, २०२५ पासून गर्दीच्या वेळी प्रत्येक सालिक नाक्याला ६ दिरहॅम, हे सगळं मांड, आणि टॅक्सीच्या खर्चाशी ताडून बघ.

तो थोडा हिरमुसला. म्हणाला, "म्हणजे काका, कुठली घेऊ ते सांगितलंच नाहीत."

खरं आहे. पण हे सांगताना मी पुण्यात, खिडकीशी उभा होतो. समोरच्या इमारतीतून एक लांबरुंद नवी गाडी बाहेर पडली. पुढच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर दोन वर्षांचं पोर, डॅशबोर्डवर हात आपटत हसणारं. आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीपासून चौदा वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा योग्य खुर्ची नसेल, तर हजार रुपये दंड आहे. २०२२ च्या सप्टेंबरात पालघरजवळ सायरस मिस्त्रींचा मागच्या सीटवर मृत्यू झाला, तेव्हा चार दिवस आपण सगळे मागच्या पट्ट्यांबद्दल बोललो. मग विसरलो. स्कूटर गेली, चार चाकं आली, पण बसायची रीत स्कूटरचीच राहिली.

पुतण्याला मी एवढंच म्हटलं, "आधी पोरीची खुर्ची घे. मग तिला साजेशी गाडी शोध."