पोळी की भाकरी? ग्लायसेमिक इंडेक्सचं गणित



रेडमंडच्या देशी दुकानांत हल्ली तांदळाच्या पोत्यांपेक्षा पिठांचा कप्पा जास्त पाहण्यासारखा झालाय. ज्वारी, बाजरी, नाचणी तर आहेतच, शिवाय मल्टिग्रेन आटा, 'लो जीआय' तांदूळ आणि नाचणीची बिस्किटं. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हापासून तर भाकरीला चांगलेच दिवस आले. आपल्याला आनंदच आहे. ज्या भाकरीला शहरात आल्यावर आपणच पोळीच्या मागे बसवलं, तिला आता इथे पोळीपेक्षा जास्त डॉलर मोजावे लागतात.

पण सप्टेंबर २०२५ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये भारतातला एक मोठा अभ्यास आला आणि या उत्साहावर थोडं पाणी पडलं. आयसीएमआर आणि चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेचा हा अभ्यास. त्यात दिसलं की भारतीय माणसाच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कार्बोदकांतून येतात. आणि गंमत पुढेच आहे. पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचं किंवा भरडधान्याचं दळलेलं पीठ खाल्लं, पण एकूण कार्बोदकं तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी दिसला नाही. कार्बोदकांतला थोडा वाटा डाळी-कडधान्यांच्या किंवा दूधदुभत्याच्या प्रथिनांना दिला, तेव्हा तो कमी दिसला.

म्हणजे पोळी की भाकरी हा वाद घालून आपण चुकीच्याच प्रश्नावर भांडत होतो की काय? आम्ही डॉक्टर नाही, पडलो इंजिनिअर. आकडा दिसला की तो मोजला कसा हे पाहिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

ग्लायसेमिक इंडेक्स ही कल्पना १९८१ साली टोरांटो विद्यापीठात डॉ. डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. त्यांनी ६२ पदार्थ तपासले. पद्धत साधी आहे: उपाशीपोटी माणसाला ५० ग्रॅम कार्बोदकं मिळतील इतका एकच पदार्थ खायला द्यायचा आणि दोन तास थोड्या थोड्या वेळाने रक्तातली साखर मोजायची. जो आलेख येईल त्याच्याखालचं क्षेत्रफळ काढायचं (हो, बारावीत ज्याला घाबरत होतो तेच इंटिग्रेशन). मग त्याच माणसाने ५० ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर जे क्षेत्रफळ येतं त्याला १०० धरायचं आणि तुलना करायची. ५५ किंवा त्याखाली आला तर कमी, ७० किंवा वर गेला तर जास्त.

२००८ च्या आंतरराष्ट्रीय तक्त्यातले काही आकडे पाहा. पांढरा ब्रेड ७५. आणि आपण मोठ्या विश्वासाने आणतो तो गव्हाचा होलमील ब्रेड? ७४. साधी साखर ६५! पांढरा भात ७३, ब्राऊन राईस ६८. चपाती ५२, मसूर ३२, छोले २८, राजमा २४. ओट्सची जाड पाकळी शिजवली तर ५५, आणि त्याच ओट्सचं दोन मिनिटांचं इन्स्टंट पाकीट ७९. धान्य तेच, फक्त त्याचं आधीच बारीक पीठ झालेलं. एखादी फाईल झिप करून पाठवावी की उघडून, तसा हा प्रकार आहे. दाणा जितका अख्खा, तितका पोटाला तो उघडायला वेळ लागतो आणि साखर रक्तात हळूहळू उतरते.

नाचणीबद्दलचा गोंधळही इथेच सुटतो. २०२१ च्या एका आढाव्यात भरडधान्यांचा सरासरी इंडेक्स सुमारे ५३ निघाला, म्हणजे कमीत गणला जाणारा. पण जुन्या तक्त्यांत नाचणीच्या पिठाचा आकडा थेट शंभराच्या आसपासही सापडतो आणि ज्वारीच्या भाकरीचा ७७. दोन्ही खरं असू शकतं, कारण मोजलं काय, अख्खा दाणा, जाडीभरडी भाकरी की मैद्यासारखं पीठ, यावर सगळं आहे. राजगिऱ्याच्या लाह्यांचाही आकडा चढाच निघालेला आहे. साबुदाण्याबद्दल तर बोलायलाच नको, तो टॅपिओकाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च. तरी आपल्या आज्यांनी त्यात दाण्याचं कूट आणि तूप घातलं म्हणून थोडं निभावतं. उपास म्हणून त्याच्या दोन बशा मात्र खाऊ नयेत, एवढंच.

आता इंडेक्सची मोठी त्रुटी. तो फक्त वेग सांगतो, किती हे सांगत नाही. कलिंगडाचा इंडेक्स ७६ आहे, पण एका फोडीत कार्बोदकं असतात जेमतेम सहा-सात ग्रॅम. म्हणून हार्वर्डच्या संशोधकांनी १९९७ मध्ये ग्लायसेमिक लोड वापरात आणला: इंडेक्स गुणिले कार्बोदकांचे ग्रॅम, भागिले शंभर. दहाच्या आत हलका, वीसच्या वर जड. कलिंगडाची फोड पाचाच्या आसपास. आणि एक कप शिजलेला भात? त्यात साधारण ४५ ग्रॅम कार्बोदकं. ७३ ने गुणलं की लोड झाला ३३. आपण वरण-भात, मग आमटी-भात, शेवटी दही-भात करत कप मोजतो का? मोजत नाही. पाकिटावरचं लेबलही इथे फसवं वाटू शकतं. त्यावर सर्व्हिंग असते पाव कप कोरडा तांदूळ, आणि त्याची पस्तीसेक ग्रॅम कार्बोदकं. पाव कप तांदूळ शिजवणारं मराठी घर आम्ही तरी पाहिलेलं नाही. आणि अमेरिकेच्या लेबलवर ग्लायसेमिक इंडेक्स छापावाच लागत नाही, त्यामुळे तो शोधत बसण्यापेक्षा टोटल कार्बोहायड्रेट आणि डाएटरी फायबर या दोन ओळी वाचाव्यात.

हे सगळं आपल्यालाच का सांगायचं, असं कुणी विचारेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच एक फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के! बाहेरून सडपातळ, आतून चरबी, हे आपल्या शरीराचं वैशिष्ट्य त्या एका फोटोत दिसलं. अमेरिकेत राहून काही फरक पडतो का, तर सॅन फ्रान्सिस्को बे एरिया आणि शिकागोमधल्या दक्षिण आशियाई लोकांच्या 'मसाला' अभ्यासात (नाव खरंच तेच आहे) चाळिशीपुढच्या लोकांत मधुमेह २३ टक्के निघाला, त्याच वयोगटातल्या गोऱ्यांमध्ये ६ टक्के.

भाताबद्दलही एक आकडा आहे. २१ देशांतल्या १ लाख ३२ हजार लोकांच्या 'प्युअर' अभ्यासात (२०२०) दिवसाला ४५० ग्रॅम किंवा जास्त शिजलेला पांढरा भात खाणाऱ्यांना १५० ग्रॅमपेक्षा कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत मधुमेहाचा धोका सर्व देश मिळून २० टक्के जास्त दिसला. दक्षिण आशियात तोच ६१ टक्के जास्त. भात सगळेच खातात, पण तो आपल्याला अधिक बाधलेला दिसतो.

मग ताटात काय करायचं? आमचं मत विचाराल तर तांदळाची जात बदलण्याआधी ताटातली जागा बदलावी. चिकटसर आंबेमोहोरापेक्षा मोकळा बासमती बरा हे खरं, कारण त्यात अमायलोज जास्त असतं. पण खरा फायदा वाटी छोटी करण्यात आणि उसळ मोठी करण्यात आहे. मटकी, चवळी, छोले, हरभरा हे आपल्या स्वयंपाकाचं बलस्थान आहे आणि आपण त्यांना तोंडी लावण्यापुरतं वाढतो. वरणही इथे येईस्तोवर इतकं पातळ झालं की त्यात डाळ शोधावी लागते. कोशिंबीर आणि उसळ आधी, पोळी-भात नंतर, या क्रमानेसुद्धा जेवणानंतरची साखर कमी चढते, असं न्यूयॉर्कमध्ये २०१५ च्या एका छोट्या प्रयोगात दिसलं आहे. कालचा भात फ्रिजमध्ये ठेवून आज फोडणीला टाकला तर थंड होताना त्यातला थोडा स्टार्च पचायला अवघड होतो, तेही चांगलंच. (मात्र भात शिजल्यावर लवकर फ्रिजमध्ये जाऊ दे, रात्रभर ओट्यावर नको.)

आणि शतपावली! जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्याने स्नायू रक्तातली साखर उचलतात. डिसेंबरात इथे साडेचारला अंधार आणि वर पाऊस, हे मान्य. पण मे २०२५ पासून लाइट रेल डाउनटाउन रेडमंडपर्यंत आली आहे. दुपारचं नाही जमलं तरी घरी परतताना मेरीमूर व्हिलेजला उतरून पुढे चालत जाता येतं.

आपल्या गावातल्या मंडळींचं नवं खेळणं म्हणजे दंडाला लावायचा ग्लुकोज सेन्सर. डेक्सकॉमचा स्टेलो ऑगस्ट २०२४ पासून प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळू लागला, ॲबटचा लिंगो त्यानंतर लगेच. डॅशबोर्ड म्हटलं की आपले लोक खूश. त्यातून शिकण्यासारखं आहेही. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१५ मध्ये ८०० लोकांवर दाखवलं की तोच पदार्थ दोन माणसांत अगदी वेगळा आलेख काढतो. म्हणजे तक्त्यातला ७३ हा सरासरीचा ७३, तुमचा नव्हे. पण निरोगी माणसाचा आलेखही जेवणानंतर वर जातोच. प्रत्येक टेकडी पाहून घाबरलात तर दोन आठवड्यांत घरात जेवणच बंद होईल.

त्यापेक्षा साधी गोष्ट आधी करा. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची बीएमआय मर्यादा २५ वरून २३ वर आणली आहे. ५ फूट ७ इंच उंचीला २३ म्हणजे सुमारे १४७ पाउंड. त्या वजनाला इथला डॉक्टर कदाचित तुम्हाला बारीकच म्हणेल, तरी वार्षिक तपासणीत ए१सी मागून घ्या. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून मधुमेह.

आणि आई-बाबा किंवा सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येणार असतील तर त्यांचा ए१सी निघण्यापूर्वी तिकडेच करून घ्या. प्रवासी विम्यात आधीपासूनचा आजार सहसा धरत नाहीत. औषधं पूर्ण मुक्कामाची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा.