चारदीवारीचे पाणी आणि यंत्राचे डोळे

सवाई जयसिंगाने १७२७ साली जयपूर वसविले, तेव्हा विद्याधर भट्टाचार्य यांच्या आराखड्यात पाण्याच्या वाटेचाही विचार होता. सूरजपोल ते चांदपोल हा हमरस्ता उंचवट्याच्या माथ्यावरून नेण्यात आला. पावसाचे पाणी दोन्ही अंगांनी उतरून जावे, हा त्यामागील हिशेब. चारदीवारी २०१९ साली जागतिक वारसा ठरली. तो हिशेब मात्र राज्यकर्त्यांच्या विस्मृतीत गेला.

१९८१ च्या जुलैमधील महापुराने जयपूरला कठोर धडा दिला. १४ ऑगस्ट २०२० च्या पावसात शहरातील रस्त्यांचे पुन्हा ओढे झाले, उभी वाहने गाळात रुतली. याला केवळ निसर्गाचा कोप म्हणणे ही आत्मवंचना होय. पाण्याच्या वाटा अडवून शहर वाढले. त्याची किंमत मोजतात ते रत्नांना पैलू पाडणारे कारागीर, हातगाडीवाले आणि ई-रिक्षाचालक. एक दिवस रस्ता बंद, म्हणजे त्यांच्या घरी एक दिवस चूल बंद.

स्मार्ट शहरांच्या २०१६ सालच्या पहिल्या यादीत जयपूर होते. चौकांवर कॅमेरे आले, नियंत्रण कक्ष आला. वाहनाचा क्रमांक टिपून दंड आकारण्यात असे यंत्र तरबेज असते. प्रश्न एवढाच, की त्याला चढते पाणी दिसते काय?

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी काही जण बुडालेल्या मोटारींतच गुदमरून मेले. रस्त्याचा धोका वाहन तेथे पोचण्यापूर्वीच कळला पाहिजे, हा त्याचा अर्थ. सखल जागी पाण्याची पातळी मोजणारे यंत्र बसवावे. ठरावीक खुणेवर पाणी येताच अलीकडच्या चौकातील सिग्नल लाल व्हावा, फलकावर पर्यायी मार्ग झळकावा, रुग्णवाहिकेला मोकळी वाट मिळावी. चारदीवारीत तर वाहने दरवाजांतूनच आत येतात. सांगानेरी दरवाजावर वेळीच थांबविलेले वाहन जोहरी बाजारात अडकणार नाही.

तथापि सिग्नल पाणी उपसत नाही. नाले मोकळे न करता केवळ यंत्रांची कंत्राटे वाटली, तर लाभ कंत्राटदाराचा आणि चिखल जनतेचा. म्हणून मागणी दुहेरी असली पाहिजे : आधी पाण्याला वाट, आणि यंत्राची पहिली सूचना पायी चालणाऱ्या कष्टकऱ्याला!