उसाचे पिवळे पान आणि युरियाचे पोते

गळीत हंगाम जवळ आला की वाळवा, पलूस, कराडच्या मळ्यांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. खालची पाने पिवळी पडली, युरिया टाकू का? बऱ्याचदा टाकलाही जातो. वास्तविक ते पान आजारी नसते, त्याच्या पेशी आवराआवर करत असतात.

तरुण पानात हरितलवके उन्हाच्या जोरावर साखर बनवतात. ती कांडीत उतरते आणि तिथल्या पेशींच्या रिक्तिकेत, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीत साठते. कारखाना उतारा मोजतो तो या पिशव्यांतल्या साखरेचा.

पान जुने झाले, सावलीत गेले, की आधी हरितलवके मोडीत निघतात. पानातला बहुतेक नत्र त्यांच्याच प्रथिनांत असतो. तो सुटा होऊन वरच्या कोवळ्या पानांकडे जातो. या कामाला ऊर्जा लागते, म्हणून ती पुरवणाऱ्या तंतुकणिका मागे थांबतात. घर रिकामे करताना विजेचे कनेक्शन शेवटी तोडावे, तसेच हे.

अशा वेळी नत्र ओतला तर ऊस पुन्हा वाढीला लागतो. साठायची साखर नव्या पानांवर, फुटव्यांवर खर्च होते आणि पक्वता लांबते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. उतारा वाढला तर दरही वाढतो. हा उतारा कारखान्याचा सरासरी असतो. त्यामुळे एकाने टाकलेल्या पोत्याचा खर्च त्याचा, पण घटलेल्या साखरेचा वाटा सगळ्यांच्या बिलात पडतो. याची चर्चा ऊसदराच्या आंदोलनांत फारशी होत नाही.

प्रत्येक पिवळेपणा मात्र म्हातारपणाचा नसतो. शेंड्याची कोवळी पाने पिवळी-पांढरी पडली तर तो केवडा, बहुधा लोहाच्या कमतरतेचा. लोह नत्रासारखे जुन्या पानातून सहज निघत नाही, म्हणून उपासमार वर दिसते. तिथे उपाय हवाच, पण तो युरिया नव्हे.

तोडणीनंतरही कांडीतल्या पेशी लगेच मरत नाहीत. त्या श्वसन करतात, आणि विकरे साठलेली साखर फोडू लागतात. मोळ्या फडात किंवा कारखान्याच्या वजनकाट्याबाहेर जितका वेळ उन्हात पडतील, तितकी ही गळती वाढते.