अठरा तासांच्या हिशोबात न बसणारं डोकं

एप्रिल आला की ठिकठिकाणच्या वाचनालयांत, वसतिगृहांत आणि विहारांत सलग 18 तास अभ्यासाचा उपक्रम होतो. उपक्रम चांगलाच आहे, कॉलेजात असताना मीही दोनदा बसले आहे. पण यंदा अशाच एका ठिकाणी जे पाहिलं ते मनातून जात नाही, म्हणून हा लेख.

बारावीतली एक मुलगी. नवव्या तासाला तिने पुस्तक मिटलं, वेणी सोडली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मैत्रिणीने मायेने डोक्यावरून हात फिरवला तर ती कळवळली, "हात लावू नको, केस दुखतायत." दोघं-तिघं हसले. केस कधी दुखतात का? आयोजकांपैकी एक दादा, माणूस वाईट नाही, तळमळीने काम करणारा, सगळ्यांदेखत म्हणाला, "बाबासाहेब अठरा अठरा तास बसायचे, तुला नऊ जमत नाहीत?" मुलगी रडत घरी गेली.

मी तिथेच होते आणि गप्प बसले. मला पंधरा वर्षांपासून अर्धशिशी आहे. माझेही केस दुखतात. तरी बोलले नाही, कारण चारचौघांत हे सांगायची मलाही लाज वाटत होती.

तर आधी हसणाऱ्यांना उत्तर. केसांना संवेदना नसते, हे खरं. दुखते ती केसांच्या मुळांभोवतीची कातडी. चेहऱ्याची, कपाळाची आणि मेंदूवरच्या आवरणांची वेदना ट्रायजेमिनल नावाची नस वाहून नेते. अर्धशिशीच्या झटक्यात ही नस चेतते. झटका लांबला की तिचे संदेश जिथे पोचतात त्या मेंदूच्या देठातल्या पेशीही अतिसंवेदनशील होतात. मग कातडीवरून आलेला साधा स्पर्शसुद्धा मेंदूला वेदना म्हणून कळतो. कंगवा, उशी, चष्म्याची दांडी, कानातलं, हेल्मेट, कोमट पाणी, काहीच सोसवत नाही. पेशींचा हा बिघाड आणखी वर मेंदूत सरकला तर हाताची कातडीही हुळहुळते. वैद्यकात याला ॲलोडिनिया म्हणतात. अर्धशिशी असलेल्यांपैकी अर्ध्याहून अधिक लोकांना हा त्रास कमीजास्त होतो. बायकांमध्ये अर्धशिशीचं प्रमाण पुरुषांच्या दुपटी-तिपटीने आहे आणि एकेक झटका 4 ते 72 तास टिकू शकतो. नाटक बहात्तर तास चालत नाही.

आता प्रश्न विश्वासाचा. वेदना सगळ्यांना होते, पण कुणाची वेदना खरी मानायची हे समाज ठरवतो. बंगल्यातल्या मॅडमचं डोकं दुखलं तर खोलीचे पडदे ओढले जातात. त्याच बंगल्यात भांडी घासणाऱ्या मावशीचं दुखलं तर खाडा धरला जातो. बांधकामावर चुंबळ ठेवून घमेली उचलणाऱ्या बाईच्या टाळूला हात लावला तरी कळ येते, पण मुकादमाचं उत्तर ठरलेलं, "यांना सवय असते." ही सवयीची भाषा आपण ओळखतो. जातीने ज्यांच्या अंगावर कष्ट लादले, त्यांच्या अंगाला दुखतच नाही असंही तिने ठरवून टाकलं.

आणि जिथे डॉक्टर विश्वास ठेवत नाही तिथे देवऋषी ठेवतो. उजेड नको म्हणते, अंगाला हात लावू देत नाही, केस मोकळे सोडून अंधारात बसते. झालं, अंगात आलं. आपल्याकडे विंचरायचे राहून गेलेल्या केसांचा गुंता झाला की त्याला देवीची जट म्हणतात आणि ती कापली तर कोप होईल म्हणून बाईला आयुष्यभर ते ओझं वाहायला लावतात. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण दुखणं खरं आहे असं सांगणारं माणूस घरात नसेल तर बाई अंगाऱ्याकडेच जाणार. आपण देव सोडले, पण देवऋषी सोडून जायचं कुठे याचं उत्तरही आपणच द्यायला हवं.

म्हणून थोडं कामाचं. झटक्याची चाहूल लागताच वेणी, अंबाडा, क्लिप, कानातलं काढून टाका. आई प्रेमाने तेल चोळायला बसेल, तिला समजावून थांबवा. टाळू हुळहुळी असताना मालिश आणि बाम दोन्ही आग करतात. थंड ओलं फडकं काहींना बरं वाटतं, काहींना तेही टोचतं, स्वतःला काय सोसतं ते बघा. अंधार, शांतता, मऊ उशी, पाणी आणि वेळेवर जेवण. उपाशीपोटी ऊन आणि अर्धवट झोप ही कार्यकर्त्यांच्या अर्धशिशीची नेहमीची कारणं आहेत.

गोळीचं सांगायचं तर डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी झटक्याच्या सुरुवातीलाच घ्यावी. ट्रिप्टान गटातली औषधं टाळू दुखायला लागण्यापूर्वी घेतली तर जास्त लागू पडतात. "बघू अजून थोडं" म्हणत सहन करणं ही बहादुरी नाही, त्यात उपचाराची वेळ निघून जाते. पण रोज मेडिकलमधून गोळी आणून खाणंही नको. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 किंवा अधिक दिवस आणि ट्रिप्टान किंवा मिश्र गोळ्या 10 किंवा अधिक दिवस, असं काही महिने चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. झटके वारंवार येत असतील तर ते कमी करणारी वेगळी औषधं असतात. त्यांतली प्रोप्रॅनोलॉल आणि ॲमिट्रिप्टिलीन ही जुनी, स्वस्त औषधं आहेत. ती डॉक्टरच देतील. दमा असेल किंवा दिवस राहिलेले असतील तर आधी सांगा. तारीख, किती तास दुखलं, पाळी, झोप आणि गोळी यांची नोंद एका वहीत ठेवा. दोन मिनिटांच्या ओपीडीत तीच वही तुमच्या बाजूने बोलते.

आणि एक इशारा. अचानक कधी नव्हे इतकं भयंकर डोकं दुखलं, सोबत ताप येऊन मान आखडली, एक बाजू लुळी पडली, बोलणं अडखळलं, तर ताबडतोब दवाखाना. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच टाळू दुखू लागली, चावताना जबडा दुखतो, दृष्टी अंधुक होते, तरीही थांबू नका. तो रक्तवाहिन्यांचा वेगळा आजार असू शकतो आणि त्यात डोळे जाऊ शकतात.

आता त्या दादाच्या प्रश्नाकडे येते. बाबासाहेबांचे अठरा तास आपल्याला पाठ आहेत. त्यांचा मधुमेह आणि पायांच्या नसांचं दुखणं आपल्याला पाठ नाही. उतारवयात आजार झाकून न ठेवता त्यांनी उपचार घेतले, पथ्य पाळलं. माईसाहेब डॉक्टर होत्या आणि बाबासाहेबांच्या प्रकृतीची काळजी घेत होत्या. याच बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात कामगार बायकांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाची बाजू मांडली. ते मजूरमंत्री असताना 1946 च्या दुरुस्तीने कारखान्यातल्या कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. स्वतः अठरा तास राबणाऱ्या या माणसाने दुसऱ्यांच्या कामाचे तास कमी केले. त्यांचं नाव घेऊन एका आजारी मुलीला तास मोजून दाखवणं, हा त्यांच्या विचाराचा उलटा अर्थ आहे.

कुणी म्हणेल, असं प्रत्येकजण डोकं धरून बसला तर चळवळ चालणार कशी? या प्रश्नामागे एक भीती आहे, ती मलाही आहे. मेरिटच्या नावाने आपल्याला रोज कमअस्सल ठरवलं जातं. आपण दुखणं कबूल केलं तर त्यांच्या हाती कोलीत मिळेल, असं वाटतं. म्हणून आपण गोळी गिळून मोर्चात चालतो. पण दुखणं लपवून आपली लायकी सिद्ध करायची, हा नियम त्यांचा आहे. आपण तो आपल्याच पोरींवर का चालवायचा?

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता. भगवंतांनी विचारलं, तुझी शुश्रूषा कुणी का करत नाही? तो म्हणाला, मी भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून मंचकावर निजवलं. मग संघ जमवून बजावलं की ज्याला माझी सेवा करायची आहे, त्याने आजाऱ्याची करावी. जो संघाच्या उपयोगाचा नाही त्याला संघाने टाकलं होतं, आणि बुद्धांनी चूक काढली ती संघाची.

आपल्याला फार काही करायचं नाही. अभ्यासाच्या उपक्रमात एक अंधारी, शांत खोली ठेवा. जेवणाची वेळ पाळा. नऊ तास बसलेल्यालाही तेवढ्याच सन्मानाने प्रमाणपत्र द्या. जयंतीच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीशेजारी कुणाचं घर आहे, त्यात कोण आजारी पडलंय, हे आधी विचारा. आणि कुणी म्हणालं, माझे केस दुखतायत, तर हसू नका.

मी गेल्या आठवड्यात त्या मुलीच्या घरी गेले. माझेही केस दुखतात, असं तिला सांगितलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग आत जाऊन एक कोरी वही घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, पहिल्या पानावर काय लिहू?" मी म्हटलं, तारीख लिही.

जय भीम.