शून्य आणि नाहीं

गेल्या दिवाळींत आमच्या वाशीमच्या घरीं चारी भावांचीं मुलेंनातवंडें जमलीं होतीं. पाडव्याच्या दुपारीं आम्ही जरा आडवे झालों होतों, तोंच वडील वहिनी लगबगीनें आल्या व म्हणाल्या, "भाऊजी, माडीवर पोरें फांसे टाकताहेत! तुम्ही एवढे शास्त्र शिकलेले; घरांत द्यूत चाललेलें तुम्हांला खपतें तरी कसें?" वास्तविक तो दिवस बलिप्रतिपदेचा, आणि तिला द्यूतप्रतिपदा असेंहि नांव आहे, पण तें त्या वेळीं वहिनींस सांगण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. आम्ही काठी घेऊन निमूटपणें माडी चढलों.

वर पाहतों तों पैशाची देवघेव कोठेंच नव्हती. मुलें सतरंजीवर गोल करून बसलीं होतीं, प्रत्येकापुढें एकेक कागद होता आणि पुण्यास शिकणारा आमचा नातू मधोमध बसून कांहीं कथा सांगत होता. आम्हीं दटावण्यासाठीं तोंड उघडलें, इतक्यांत तोच म्हणाला, "आजोबा, आधीं बसा, मग रागवा." आम्ही बसलों, आणि खरें सांगावयाचें तर दिवेलागणीपर्यंत उठलों नाहीं.

या खेळांत पट नाहीं, सोंगट्या नाहींत आणि हारजीतहि नाहीं. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. इतर प्रत्येकजण एकेका पात्राची भूमिका घेऊन 'मी आतां अमुक करतों' असें म्हणतो. तें साधेल कीं नाहीं याची शंका असेल तेथेंच फांसे टाकावयाचे. या जातीचा पहिला छापील खेळ म्हणून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' गणला जातो. तो गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांनीं १९७४ सालीं अमेरिकेंत काढला. मुलें खेळत होतीं तो 'ट्रॅव्हलर'. मार्क मिलर यांनीं तो १९७७ मध्यें प्रथम काढला. मुलांच्या हातीं त्याची २०१६ सालची आवृत्ति होती. त्यांतील पात्रें नौकेंतून ताऱ्याताऱ्यांवर हिंडतात.

प्रत्येक पात्राच्या कागदावर त्याचीं कसबें लिहिलेलीं असतात व प्रत्येक कसबापुढें एक आंकडा असतो. दोन फांसे टाकावे, त्यांच्या बेरजेंत हा आंकडा मिळवावा. आठ किंवा अधिक झाले तर साधारण प्रतीचें काम साधलें. आम्ही जन्माचे मास्तर, तेव्हां लगेच हिशेब मांडला. दोन फांशांचीं दानें छत्तीस प्रकारांनीं पडतात. आंकडा शून्य असेल तर त्यांपैकीं पंधरा दानांस काम होतें. एक असेल तर एकवीस, दोनास सव्वीस, तिनास तीस, चारास तेहतीस. म्हणजे पहिली पायरी चढल्यानें सहा दानांचा लाभ, पुढें पांच, मग चार, मग तीन. वरच्या पायरीचें मोल असें घटत जातें. तालमींत, गायनांत आणि पाठांतरांतहि हाच अनुभव आहे.

परंतु आम्हांस खरें नवल वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. ज्याच्या कागदावर तें कसबच नाहीं, त्याच्या बेरजेंतून तीन वजा करितात. त्याला अकरा किंवा बारा पडावे लागतात. म्हणजे छत्तीसांत अवघीं तीन दानें! 'नाहीं' पासून 'शून्य' पर्यंत येतांना तिनाचीं पंधरा होतात. साऱ्या जिन्यांत एवढी मोठी पायरी दुसरी नाहीं. आम्हीं नातवास विचारलें, "शून्य म्हणजेच नाहीं ना रे?" तो म्हणाला, "नाहीं आजोबा. शून्य म्हणजे सुरवात झालेली आहे."

दुसरी युक्ति विशेषाची. कांहीं कसबांच्या पोटांत शाखा असतात. 'जनावरें' हें एक कसब घ्या: हाताळणें, औषधोपचार करणें आणि शिकवून तयार करणें, अशा त्याच्या तीन शाखा आहेत. शून्य पायरीवर असणाऱ्यास तिन्ही शाखा शून्याइतक्या येतात. पहिली पायरी चढावयाची म्हटली कीं मात्र एक शाखा निवडावी लागते. उरलेल्या दोन शून्यावरच राहतात. औषधोपचारांत तीन असणारा वैद्य बैल शिकवावयास निघाला तर तेथें तो नवखाच. पण अनभिज्ञ नव्हे. किती येतें आणि कशांत येतें, हे दोन प्रश्न हा खेळ वेगळे ठेवितो.

हें ऐकतांना आम्हांस आमच्याच गांवाची आठवण झाली. वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. इ. स. ९०० च्या सुमारास झालेला राजशेखर आपल्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह याच वत्सगुल्मास लावून देतो. (हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरीजचें पहिलें पुष्प म्हणून १९१६ सालीं छापून निघाला.) त्याच ग्रंथांत त्यानें कवीच्या दहा अवस्था सांगितल्या आहेत, आणि काव्यकवीचे आठ प्रकारहि निराळे सांगितले आहेत: रचनाकवि, शब्दकवि, अर्थकवि, अलंकारकवि, उक्तिकवि, रसकवि, मार्गकवि व शास्त्रार्थकवि. आमच्या नातवाच्या भाषेंत त्या दहा पायऱ्या आणि हे आठ विशेष! एका जातीच्या प्रबंधांत जो प्रवीण तो महाकवि. ज्याची गति निरनिराळ्या भाषांत, प्रबंधांत व रसांत मोकळी चालते तो कविराज, आणि असे जगांत थोडेच, असें तो म्हणतो. पण पहिली अवस्था पाहा. काव्य करण्याची इच्छा धरून जो गुरुगृहीं विद्या शिकावयास राहिला, तो काव्यविद्यास्नातक. दुसरा हृदयकवि, तो मनांत रचतो आणि लपवून ठेवितो. पहिल्याच्या हातून अजून श्लोक झालेला नाहीं, दुसऱ्याचा कोणी ऐकिलेला नाहीं. तरी राजशेखर दोघांना कवीच्याच पंक्तीस बसवितो. शून्याला मान देणारा हा पंडित आम्हीं तीनतीनदां वाचला होता. पण हें आमच्या ध्यानीं आलें नव्हतें.

मुलांनीं मग आमचाहि कागद तयार केला. संस्कृत भाषेपुढें तीन लिहिले. आम्ही मनांत सुखावलों. थोड्याच वेळांत नौकेवरचें एक जनावर आजारी पडलें व दुसरें कोणी जवळ नसल्यानें त्याचा उपचार आमच्यावर आला. आम्हीं फांसे टाकिले; नऊ पडले. आम्ही आनंदानें मान डोलावूं लागलों, तोंच नातू म्हणाला, "नवांतून तीन गेले, सहा. आजोबा, तुम्हांला जनावरांतलं शून्यसुद्धां नाहीं!" सारीं मुलें हंसलीं. आम्ही हंसलों नाहीं.

पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या आठवीच्या वर्गांत जवळच्या खेड्याहून चालत येणारा एक मुलगा होता. एके दिवशीं तो दोन तास उशिरां आला. विचारतां म्हणाला, रात्रीं म्हैस अडली होती, वांसरूं उलटें होतें; आपण व आपला बाप पहाटेपर्यंत जागे होतों, आणि वांसरूं जगलें. तें कसें फिरविलें हेंहि तो हातांनीं दाखवूं लागला. वर्ग हंसला, आणि आम्हीं त्याला तास संपेपर्यंत बांकावर उभें केलें. त्याच आठवड्यांत संस्कृताच्या उत्तरपत्रिकेवर आम्हीं त्याला शून्य दिलें. तें शून्य 'नाहीं' या अर्थाचें होतें. नववी पुरी होण्यापूर्वींच त्यानें शाळा सोडली. आम्हीं चौकशी केली नाहीं.

निवृत्त झाल्यावर एकदां आठवड्याच्या बाजारांत तो आम्हांस भेटला. जनावर अडलें कीं चारपांच गांवचे लोक आधीं यालाच बोलावतात, असें सोबतच्या माणसानें सांगितलें. तो भर गर्दींत आमच्या पायां पडला व म्हणाला, "गुरुजी, तुमचं 'रामः रामौ रामाः' मले अजून पाठ हाय." त्यानें तें सप्तमीपर्यंत म्हणून दाखविलें. एके ठिकाणीं चुकला. आम्हीं त्याची चूक सुधारली, आणि त्याची विद्या त्याला विचारावयाची त्या दिवशींहि आम्हांस सुचलें नाहीं.

आमच्या वाचकांच्या घरीं लवकरच मुलांचीं प्रगतिपुस्तकें येतील. बेरजेच्या रकान्यावर बोट ठेवण्यापूर्वीं, मुलाला काय येऊं लागलें आहे व कोणीकडे, हें त्यालाच विचारावें. आणि शून्य दिसलें तर तें कोणत्या अर्थाचें आहे हेंहि पाहावें. आम्हीं स्वतः त्या मुलाच्या गांवीं जाऊन येण्याचें ठरविलें आहे. संस्कृताचें पुस्तक बरोबर नेणार नाहीं. वांसरूं फिरवावें कसें, तें पहिल्यापासून ऐकून घ्यावयाचें आहे.

वहिनींस आम्हीं खालीं येऊन एवढेंच सांगितलें, कीं फांसे होते खरे, आणि आम्ही हरलोंहि.